चोरीचा माल सापडला, पण तो कोणाचा? मिताक्षरेपासून विम्याच्या पॉलिसीपर्यंत

१/
समजा, सोलापूरच्या एका व्यापाऱ्याची मोटार चोरीला गेली. फिर्याद झाली, तपास लागला नाही, विमा कंपनीने पूर्ण भरपाई दिली. दोन वर्षांनी तीच मोटार कलबुर्गीत सापडली. आता ती कोणाची? मूळ मालकाची, पैसे मोजलेल्या कंपनीची, की मधल्या काळात ती विकत घेतलेल्या तिसऱ्याच माणसाची? प्रश्न आजच्या विम्याचा वाटतो. पण त्याचा इतिहास फार जुना आहे आणि त्याचा एक ठळक धागा सोलापूरच्या शेजारीच सापडतो.

२/
अकराव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या संदर्भात हा ग्रंथ सर्वांना ठाऊक आहे. चोरी, चोरीच्या मालाची विक्री आणि भरपाई यांचाही त्यात बारकाईने विचार आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

३/
स्वामित्व शास्त्राने निर्माण होते की लोकव्यवहाराने, असा वाद विज्ञानेश्वराने मांडला आहे. प्रतिपक्ष विचारतो: स्वामित्व केवळ लौकिक असेल, तर ज्याच्या हाती वस्तू तोच तिचा धनी ठरेल, मग ‘माझी वस्तू याने चोरली’ असे कोणी कसे म्हणावे? विज्ञानेश्वर लौकिकाचाच पक्ष घेतो, पण ताबा म्हणजे स्वामित्व असे मानत नाही. खरेदी, वारसा अशा मान्य कारणांनीच मालकी जन्माला येते आणि चोरी हे तसे कारण नव्हे. म्हणून वस्तू हातची गेली तरी मालकी जात नाही.

४/
मग चोरीचा माल विकत घेणाऱ्याचे काय? याज्ञवल्क्याचा नियम स्पष्ट आहे. वस्तू मूळ धन्याकडे जाते. खरेदीदाराने विक्रेता दाखवून दिला तर तो दोषमुक्त होतो आणि त्याला आपली किंमत विक्रेत्याकडून परत मिळते. दंड राजाकडे जातो. मात्र ज्याने गुपचूप, आडवेळी किंवा संशय यावा इतक्या कमी किमतीत माल घेतला, त्याला चोरच समजावे. आजच्या जुन्या बाजारातील ग्राहकालाही हा निकष सहज लागू पडेल.

५/
माल सापडलाच नाही तर? राजाने चोरीस गेलेले धन मिळवून प्रजेला द्यावे. ते जमले नाही तर आपल्या कोशातून भरून द्यावे, अशी धर्मशास्त्राची अपेक्षा आहे. कर घेणारा राजा रक्षणाचे ऋण घेतो, असा त्यामागचा विचार. हा विमा नव्हे. पण नुकसान एका घरावर न सोडता ते दुसऱ्या, अधिक समर्थ खांद्यावर टाकण्याची कल्पना येथे आहे.

६/
याज्ञवल्क्य ही जबाबदारी राजावरून गावावरही आणतो. चोरी ज्या गावाच्या शिवेत झाली त्या गावाने भरपाई द्यावी, किंवा चोराचा माग ज्या गावात शिरतो त्या गावाने. गावाबाहेर, रानात घटना घडली तर आसपासच्या पाच वा दहा गावांनी मिळून. थोडक्यात, पावलांचे ठसे जिथे थांबतात तिथे देणे थांबते.

७/
ही व्यवस्था ग्रंथातच राहिली नाही. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या रखवालदाराचे वर्णन आहे. चोरी झाली की त्याने चोर हजर करावा किंवा माल मिळवावा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेवर पोहोचला तर तो तिथल्या रखवालदाराच्या स्वाधीन करावा आणि जबाबदारीही तिकडे जावी. यात अपयश आले तर रखवालदाराने ऐपतीप्रमाणे भरावे. उरलेले साऱ्या गावावर बसे.

८/
एल्फिन्स्टनला हे न्याय्य वाटले नाही. गावाला चोरी टाळणे शक्य नसेल, नुकसान भरून देणेही परवडत नसेल. त्याच्याच म्हणण्यानुसार पूर्ण भरपाईचा आग्रह मोजक्या प्रसंगी धरला जाई. बहुधा काही दंड बसवून प्रकरण मिटे. हयगय किंवा संगनमत दिसले तर मात्र पाटलाचे किंवा रखवालदाराचे इनाम काढून जवळच्या भाऊबंदाला दिले जाई. ज्याची झोपडी सर्वांत लहान, त्याच्यावर साऱ्या गावाच्या तिजोरीचा भार, असे या व्यवस्थेचे दुसरे रूप होते.

९/
मे १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. पुढे पोलीस आणि न्यायालये आली, गावाची सामूहिक हमी ओसरली. जबाबदारी गेली, संशय मात्र उरला. पूर्वी रखवालीचे काम करणारे रामोशी आणि बेरड नंतर ‘गुन्हेगार जमातीं’च्या यादीत दिसतात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये विस्तारला. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. वेगवेगळ्या जमातींची कुटुंबे तिथे कोंडली गेली आणि गिरण्यांत राबली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. मालमत्तेच्या सुरक्षिततेची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब या पानाविना पुरा होत नाही.

१०/
तिकडे व्यापाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला होता. ‘विमा’ हा शब्द कंपन्यांच्या आधीपासून सराफी व्यवहारात रुळलेला आहे. जॉन माल्कमने माळव्याविषयीच्या १८२३ च्या ग्रंथात तिथल्या सावकारांच्या विम्याची आणि त्याच्या दरांची नोंद केली आहे. वाटेवरील धोका जितका मोठा तितका दर चढा. आता भरपाई रखवालदाराच्या पदरातून नव्हे, ठरलेल्या मोबदल्यातून येऊ लागली.

११/
गावाची हमी आणि विमा यांची गाठ इंग्लंडमध्ये पडली. तिथेही १२८५ च्या विंचेस्टर कायद्याने दरोड्याची भरपाई ‘हंड्रेड’ या स्थानिक विभागावर, म्हणजे आपल्याकडच्या तरफेसारख्या घटकावर टाकली होती. पुढे दंगलीतील नुकसानीलाही तसाच नियम लागू झाला. १७८० च्या लंडन दंगलीत एक घर पाडले गेले. विमा कंपनीने मालकाला पैसे दिले आणि मग मालकाच्या नावाने हंड्रेडवर दावा लावला. १७८२ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्डने तो मान्य केला: मालकाला विमा मिळाला म्हणून हंड्रेड सुटत नाही.

१२/
त्याआधी १७४८ मध्ये लॉर्ड हार्डविकपुढे असाच प्रश्न आला होता. स्पॅनिशांनी जहाजे पकडली, विमेकऱ्यांनी भरपाई दिली. नंतर स्पॅनिशांकडून मिळालेल्या लुटीत वाटा कोणाचा? विमेकऱ्यांचा, असा निर्णय झाला. भरपाई देणारा मालकाच्या जागी उभा राहतो. यालाच ‘सब्रोगेशन’ म्हणतात. हेतू एकच: एका नुकसानीची भरपाई मालकाने दोनदा घेऊ नये.

१३/
भारतात १९६३ च्या सागरी विमा कायद्याचे कलम ७९ हेच तत्त्व सांगते. पूर्ण नुकसानीची भरपाई दिल्यावर विमेकऱ्याला उरलेल्या वस्तूतील मालकाचा हक्क ‘घेण्याचा अधिकार’ मिळतो. शब्द महत्त्वाचा आहे: अधिकार मिळतो, मालकी आपोआप उडून जात नाही. अंशतः नुकसान भरले असेल तर वस्तूवर हक्क मिळत नाही, फक्त दिलेल्या रकमेपुरती वसुली करता येते. २०१० मध्ये चरण स्पिनिंग मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सब्रोगेशन आणि हक्काचे हस्तांतर यांतील फरक सविस्तर मांडला. नुसत्या सब्रोगेशनमध्ये दिलेल्या रकमेपेक्षा जास्त वसूल झाले तर वरचे मालकाचे. हस्तांतर लिहून दिले असेल तर सर्वच कंपनीचे असू शकते.

१४/
हा फरक किती मोठा असतो, हे लंडनच्या टेट संग्रहालयाने दाखवले. १९९४ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनातून त्यांची टर्नरची दोन चित्रे चोरीला गेली. विमेकऱ्यांनी २ कोटी ४० लाख पौंड दिले आणि मालकी त्यांच्याकडे गेली. चित्रे बेपत्ता असतानाच १९९८ मध्ये टेटने ८० लाख पौंड मोजून ती मालकी परत विकत घेतली. २००० आणि २००२ मध्ये दोन्ही चित्रे सापडली, ती टेटचीच म्हणून.

१५/
आता सोलापूरच्या व्यापाऱ्याकडे परत येऊ. कलबुर्गीच्या खरेदीदाराचा हक्क टिकत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २७ सांगते की विक्रेत्याकडे नाही ते खरेदीदाराला मिळत नाही. त्याने पैसे विक्रेत्याकडून मागावेत. विज्ञानेश्वराला हे वाचून नवल वाटले नसते. ‘भर बाजारात घेतला’ म्हणून चोरीचा माल पचवण्याची जुनी इंग्रजी सवलत भारतीय कायद्याने स्वीकारली नाही. इंग्लंडनेही ती १९९४ च्या कायद्याने रद्द केली.

१६/
उरले मालक आणि कंपनी. पोलिसांनी जप्त केलेली मोटार न्यायालय आधी कोणाच्या तरी ताब्यात देते; सुंदरभाई देसाई खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने वाहने ठाण्याच्या आवारात सडू देऊ नयेत असे बजावले आणि विमा कंपनीलाही ताबा मागण्याची वाट मोकळी केली. पण ताबा म्हणजे मालकी नव्हे. मालकीचा निकाल भरपाई घेताना सही केलेल्या कागदावर लागतो. मोटारीची पूर्ण रक्कम घेऊन हक्क लिहून दिला असेल तर ती कंपनीची. व्यापाऱ्याला ती हवीच असेल तर टेटप्रमाणे त्यालाही बोलणी करून, पैसे परत देऊनच घ्यावी लागेल.

१७/
पूर्वी शिवेवर उभे राहून दोन गावांचे रखवालदार ठसे पाहत आणि जबाबदारी कोठे गेली ते ठरवत. आज तो माग विमा दाव्याच्या शेवटच्या पानापर्यंत येतो. भरपाईच्या घाईत बहुतेक जण तेच पान न वाचता सही करतात.