शिरोड्याचं मीठ आणि पत्रादेवीचं पेट्रोल

(ऐकताना आकडे निसटतात, अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार असते. म्हणून या भागाचं हे लिखित रूप. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय.)



आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "पेट्रोल शंभराच्या वर गेला, आता करूचा तरी काय?" हा प्रश्न इतक्या वेळा आला की म्हटलं, याचा इतिहासच काढूया. कारण रोजची गरजेची वस्तू महागली आणि लोक चिडले, असं आपल्या किनाऱ्यावर काही पहिल्यांदा घडत नाहीये. आपल्या आधीच्या लोकांनी काय केलं, त्यातल्या कशाने फरक पडला आणि काय नुसतं वाफ सोडण्यापुरतं राहिलं, एवढंच आज बघायचंय.

सुरुवात पेट्रोलपासून नाही, मिठापासून करते.

मे १९३०. वेंगुर्ले तालुक्यातलं शिरोडा. तिथली मिठागरं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. दांडीनंतर साधारण महिन्याभराने शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. प्रश्न काय होता? समुद्र आपला, ऊन आपलं, पण मीठ बनवलं तर गुन्हा, आणि विकत घेतलं तर त्यावर सरकारचा कर. गरीब असो की श्रीमंत, मीठ सगळ्यांना लागतंच. म्हणून तो कर सगळ्यांकडून वसूल व्हायचा, आणि ज्याची कमाई कमी त्याला तो जास्त जड जायचा.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. लोकांचा राग मीठ विकणाऱ्या दुकानदारावर नव्हता. तो थेट करावर होता. आणि दुसरं म्हणजे, मीठ आपण स्वतः बनवू शकत होतो. पुढच्याच वर्षी, १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात, मीठ तयार होतं त्या भागातल्या गावकऱ्यांना घरापुरतं मीठ बनवायची मुभा मिळाली. कर मात्र पुरता गेला तो १९४७ मध्ये. म्हणजे सतरा वर्षं लागली. पण नेम बरोबर जागी होता.

आता पेट्रोल. ते काही आपण परसात बनवू शकत नाही. मग?

१९७३ ला या. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब देशांनी तेलाची कोंडी केली, आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होता तो बाराच्या जवळ गेला. जवळपास चौपट. भारताचं बहुतेक तेल बाहेरून यायचं. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. दुसरीकडे पंतप्रधान इंदिरा गांधी पेट्रोल वाचवा सांगण्यासाठी घोडागाडीतून निघाल्या. एकच दरवाढ, आणि सरकार आणि विरोधक दोघंही जनावराच्या गाडीत! फोटो दोन्हीकडे छान आले. भाव कुणाच्याच गाडीने खाली आला नाही.

पण त्याच सुमारास मुंबईत वेगळं काहीतरी चाललं होतं. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. थाळी आणि लाटणं घेऊन हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, साखर, रॉकेल हे त्यांचे विषय. तेव्हा गिरणगावात आपल्या कोकणातले किती चाकरमानी राहत होते ते वेगळं सांगायला नको. चाळीतल्या खोलीत स्टोव्ह पेटायचा तो रॉकेलवर. म्हणजे जगात तेल महागलं तर त्याचा चटका लालबागच्या स्टोव्हला बसायचा, आणि महिन्याअखेरीस मालवणला येणाऱ्या मनीऑर्डरलाही.

या बायकांचं वैशिष्ट्य काय? त्या "महागाई कमी करा" एवढंच म्हणून थांबल्या नाहीत. रेशनवर काय मिळत नाही, कुणी साठा करून ठेवलाय, कोणत्या मंत्र्याने उत्तर द्यायचं, हे धरून त्या भांडल्या. आंतरराष्ट्रीय भाव त्यांच्या हातात नव्हता. वाटप मात्र कुणाच्या हातात आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

याच गोष्टीची एक मजेशीर दुसरी बाजू आहे, आणि ती थेट आपल्या जिल्ह्याची आहे. १९७१ ते १९९१ आपण ज्या राजापूर मतदारसंघात होतो, तिथले खासदार होते प्रा. मधू दंडवते. प्रमिलाताईंचे यजमान. बरंचसं आयुष्य विरोधी बाकांवर, महागाईविरुद्ध बोलण्यात गेलेलं. १९८९ च्या डिसेंबरात ते देशाचे अर्थमंत्री झाले. आणि २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतला. तेल पुन्हा भडकलं, परकीय चलन आटत चाललं. मग त्याच सरकारला पेट्रोलियम पदार्थांवर 'गल्फ सरचार्ज' लावावा लागला. महागाईशी भांडणारा आपला माणूस खुर्चीत बसला, तरी दर वाढवावाच लागला.

याचा अर्थ सगळे सारखेच, असा मी काढत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की पेट्रोलच्या दरात दोन भाग असतात. एक भाग जगाचा: कच्चं तेल आणि डॉलर. तो कुवेतवर ठरतो, तिथे मालवणचा, दिल्लीचाही, हात पोचत नाही. दुसरा भाग आपल्या घरचा: कर, उपकर, आणि कधी वाढवायचं कधी थांबायचं याचे निर्णय. राग काढायचा तर आधी कुठल्या भागावर, हे ठरवायला हवं.

पूर्वी हे दोन्ही भाग सरकारच ठरवायचं. ती सरकारी दरपद्धत २००२ च्या एप्रिलपासून कागदावर संपली. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये खुले झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला नवा दर लागू व्हायला लागला. पूर्वी एका रात्रीत पाच-सात रुपये वाढायचे आणि भारत बंद व्हायचा. मे २०१२ मध्ये पेट्रोल एकदम साडेसात रुपयांच्या आसपास वाढलं, तेव्हा झालाच होता बंद, ३१ मे ला. मग रोज वीस-तीस पैसे वाढायला लागले. वीस पैशांसाठी कोण बंद करणार? दर तेवढाच चढायचा, पण चिडायची ठरावीक तारीखच उरायची नाही.

आता तुमच्या आवडीचा उपाय: गोव्यात जाऊन टाकी भरणं.

२०१२ च्या गोवा निवडणुकीत पेट्रोल स्वस्त करायचं आश्वासन दिलं गेलं होतं. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि एप्रिलपासून त्यांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर, ०.१ टक्क्यावर आणला. लिटरमागे ११ रुपये उतरले, भाव ५५ च्या आसपास आला. पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे रस्ता तोच, पेट्रोल तेच, भाव मात्र वेगळा. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीच्या लोकांना काही सांगावं लागलं नाही.

पण मालवणकराने जावं का? हिशेब करूया. मालवण ते पत्रादेवी साधारण साठ किलोमीटर. जाऊन येऊन एकशे वीस. स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते असं धरा, म्हणजे पावणेतीन लिटर रस्त्यातच जळलं. ५५ च्या भावाने दीडशे रुपये. टाकीत मावतं पाच लिटर. लिटरमागे १५ रुपये फरक धरला तरी वाचले पंच्याहत्तर. म्हणजे पंच्याहत्तर वाचवायला दीडशे घालवले! बांद्याच्या माणसासाठी हा उपाय आहे, मालवणसाठी ती सहल आहे.

तरी गोव्याच्या त्या निर्णयातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दर उतरला तो जगात तेल स्वस्त झालं म्हणून नाही. मतदारांनी मागितलं, कुणीतरी वचन दिलं, आणि कराचा आकडा बदलला. आणि पुढे? जागतिक भाव उतरले तसा गोव्याने तो कर पायरीपायरीने परत वाढवला. मागणारे गप्प झाले की कर हळूच परत येतो, हेही तिथेच दिसलं.

तसंच २०२० मध्ये. एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे जगात तेलाला गिऱ्हाईक नव्हतं. अमेरिकेतल्या वायद्याचा भाव तर एक दिवस शून्याच्या खाली गेला. आपल्याकडे मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क एकदम १० रुपयांनी वाढवून ३२.९८ रुपये केलं. २०१४ मध्ये हेच शुल्क ९.४८ रुपये होतं. तेल स्वस्त झाल्याचा फायदा आपल्यापर्यंत आलाच नाही, आणि तेल पुन्हा चढलं तेव्हा वाढ मात्र पुरती आली. २०२१ च्या मे महिन्याअखेर मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. चेंबूर-माहूलला दोन-दोन रिफायनऱ्या असलेल्या मुंबईत!

मग नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने ५ रुपये कमी केले. आणि त्यानंतर एक गंमत झाली. रोज बदलणारा दर १३७ दिवस हललाच नाही. मधल्या काळात पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. त्या आटोपल्या, आणि २२ मार्च २०२२ पासून पंधरा-सोळा दिवसांत पेट्रोल १० रुपयांनी वाढलं. मे मध्ये केंद्राने ८ रुपये शुल्क उतरवलं, जुलैत महाराष्ट्राने ५ रुपये. तेव्हा "दर बाजार ठरवतो" हे वाक्य कुणी ऐकवलं, तर त्याला हे १३७ दिवस आठवून द्या. मत मागायचं असतं तेव्हा दर थांबू शकतो.

आता ज्यांचं खरं मरण आहे त्यांच्याकडे येऊ. माझे काका छोटी होडी घेऊन समुद्रात जातात. पर्यटकांना फिरवणारा बोटवाला इंधन महागलं की माणशी पन्नास रुपये वाढवून सांगतो. रिक्षावाल्याला भाडं वाढवून मागता येतं. काकांना येत नाही. मासळीचा भाव लिलावात ठरतो, आणि लिलावात कुणी विचारत नाही की तू आज किती इंधन जाळलंस. बांगडा मिळाला नाही तरी जाळलेलं परत येत नाही. म्हणून दर वाढले की पहिल्यांदा कमी होतात त्या फेऱ्या.

मोठ्या बोटींची अडचण आणखी वेगळी. मच्छीमार सोसायटीच्या सभासदांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण आधी पूर्ण पैसे भरायचे आणि मग वाट बघत बसायची. त्यात जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेलचा दर वेगळा आणि महाग झाला. एसटीसारख्या मोठ्या ग्राहकाच्या गाड्यासुद्धा तेव्हा साध्या पंपावर रांगेत उभ्या राहिल्या. मार्च २०२२ मध्ये तर घाऊक डिझेल एकदम २५ रुपयांच्या आसपास चढलं, आणि सोसायट्यांच्या पंपांना तोच घाऊक दर. एकत्र येऊन खरेदी करणाऱ्यालाच जास्त पैसे! हा निर्णय कुवेतमध्ये झाला नव्हता.

तर, करूचा काय?

आधी काय करू नये ते सांगते. "अमुक तारखेला कुणीच पेट्रोल भरू नका" हा व्हॉट्सॲप मेसेज पुढे ढकलू नका. त्या दिवशी भरलं नाही तर आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भरणारच. महिन्याची विक्री तेवढीच. आणि पंपावरच्या मुलावर ओरडू नका. दर तो ठरवत नाही, त्याचा मालकही नाही. मालकाला लिटरमागे ठरलेलं कमिशन असतं.

दुसरं, राज्याचा उपकर विचारा. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून महाराष्ट्रात लिटरला २ रुपये लागले. २०१७ मध्ये महामार्गालगतची दारूदुकानं बंद झाली, तो महसूल भरून काढायला पेट्रोलवर ३ रुपये वाढले. दारू कुणी पितो, भरतो स्कूटरवाला! मत मागायला येणाऱ्याला विचारा: हा उपकर कशासाठी, आणि कधी संपणार? पेट्रोल जीएसटीत का नाही, हेही विचारा. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत तो विषय निघाला आणि बाजूला ठेवला गेला. ठेवणाऱ्यांत केंद्रही होतं आणि राज्यंही.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. शिरोड्याच्या लोकांकडे पर्याय होता: समुद्र. आपल्याकडे पेट्रोलला पर्याय काय? मालवणला रेल्वे नाही, कुडाळ गाठावं लागतं, तीसेक किलोमीटर. ज्या वाडीत संध्याकाळची गाडी येत नाही, तिथे कॉलेजच्या मुलीला स्कूटर ही चैन नाही, ती तिची बारावीनंतरची पदवी आहे. पेट्रोल परवडलं नाही तर तिचं शिक्षण थांबतं. म्हणून पेट्रोल स्वस्त करा म्हणताना, साडेसहाची बस द्या हेही म्हणायला हवं. इलेक्ट्रिक स्कूटर घरी चार्ज होते, ते आपलं घरापुरतं मीठ होऊ शकेल, पण पावसाळ्यात वीज टिकली तर. त्यामुळे बस आणि वीज, दोन्ही पेट्रोलचेच विषय आहेत.

येत्या १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. कुठली फेरी हवी, किती वाजता, किती मुलं जातील, हे लिहून ठराव मागा. सोसायटीत असाल तर परताव्याची थकलेली रक्कम त्याच कागदावर मांडा. लाटणं घेऊन गेलात तरी चालेल, पण सोबत आकडे न्या.

तुमच्या वाडीत शेवटची गाडी किती वाजता येते, ते मला कळवा. गावाचं नाव आणि वेळ, एवढंच पुरे. पुढच्या भागात ती यादी वाचून दाखवते. चला, येतंय हां!