गोरे, नीलकंठशास्त्री (नेहेम्या)

(१८२५–९५). ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ व ग्रंथकार. घराणे कोकणस्थ ब्राह्मण; शिक्षण काशीस. तरुणपणी त्यांनी शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ रचला आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. पुढे ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. त्यांचा ख्रिस्ती सनातनीपणा मिशनऱ्यांकडून उसना आला, असा आक्षेप घेता येतो. पण त्यांचा षड्दर्शनदर्पण (१८६०) हा ग्रंथ तो आक्षेप टिकू देत नाही. त्यातील युक्तिवाद शास्त्रार्थात मुरलेल्या पंडिताचा आहे. वेदान्ती पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक अशा तीन सत्ता मानतात. मग अज्ञानच परमार्थतः खरे नसेल, तर बंध कोणाला आणि मोक्ष कशापासून, असे ते विचारतात. अद्वैती यावर उत्तर देतात हे खरे, पण प्रश्नाची धार त्याने बोथट होत नाही. शब्दप्रमाण मानण्याची सवय त्यांनी सोडली नाही, प्रमाणग्रंथ तेवढा बदलला. म्हणूनच केवळ अंतःप्रेरणेवर धर्म उभारणारा ब्राह्मसमाज त्यांना पटला नाही.

प्रमाणग्रंथावरची अशी निष्ठा विचार गोठवते, असेही म्हटले जाते. गोरे मात्र आयुष्यभर शंकांशी झुंजत राहिले. सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट या अँग्लिकन मठसंघात राहूनही त्यांनी अखेरची व्रते घेतली नाहीत. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागे (१८८३) त्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, तरी रमाबाईंनी चर्चचा अधिकार निमूटपणे मानला नाही.