भंगारातून उठलेले बाँबर : कानपूर ते लोहगाव

१/ भोसरीहून दिघी ओलांडले की पूर्वेला लोहगावचा हवाई तळ लागतो. १९५० च्या दशकात येथून चार इंजिनांची ‘लिबरेटर’ बाँबर विमाने उड्डाण करीत. ती कारखान्यातून नवी आलेली नव्हती. मोडीत काढलेल्या विमानांतून ती पुन्हा उभी राहिली होती.

२/ महायुद्धकाळात अमेरिकेने १८ हजारांहून अधिक लिबरेटर बांधली. त्यांपैकी अनेक १९४१ च्या ‘लेंड-लीज’ कायद्याखाली ब्रिटनला मिळाली. वापर ब्रिटनचा, पण युद्धानंतर हिशेब अमेरिकेला द्यायचा, असा तो व्यवहार होता.

३/ युद्ध संपताच परदेशी पसरलेल्या या सामानाचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. परत नेणे खर्चिक होते. १६ मे १९४६ रोजी अमेरिका व भारत सरकार यांनी लेंड-लीजचा आणि भारतातील शिल्लक अमेरिकी सामानाचा हिशेब मिटवला. पुढे असा बराच माल ‘डिस्पोजल’ म्हणून बाजारात आला.

४/ बाँबर मात्र विकायचे नव्हते. ब्रिटिश हवाई दलाने आपली लिबरेटर कानपूरजवळ चकेरीच्या तळावर गोळा केली आणि ती पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली.

५/ १९४८ मध्ये काश्मीरचे युद्ध चालू होते आणि भारतीय हवाई दलाकडे अवजड बाँबर नव्हता. तेव्हा लक्ष चकेरीकडे वळले. काम बंगळुरूच्या ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’कडे आले.

६/ सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये काढलेल्या या कारखान्यात युद्धकाळी अमेरिकी लष्करी विमानांची दुरुस्ती होत असे. ते कसब कामगारांच्या हाती उरले होते.

७/ कानपुरात जेमतेम उडण्याजोगी केलेली विमाने कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी एकामागून एक बंगळुरूला नेली. तेथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. अशी सुमारे चाळीस विमाने पुन्हा सेवेत आली.

८/ नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ क्रमांकाचे स्क्वाड्रन या विमानांवर उभे राहिले. १९५१ मध्ये पुण्यात ६ क्रमांकाचे स्क्वाड्रन समुद्रावरील टेहळणीसाठी लिबरेटरसह पुन्हा उभारले गेले. १९६८ पर्यंत ही विमाने सेवेत होती.

९/ जगात इतरत्र बहुतेक लिबरेटर वितळवली गेली होती. त्यामुळे परदेशी संग्रहालयांनी भारताकडे मागणी केली. १९७४ मध्ये त्यांपैकी एक ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाकडे गेले. ज्या दलाने ती निकामी केली होती, त्याच दलाच्या संग्रहालयात आज भारतात दुरुस्त झालेले लिबरेटर जपलेले आहे. दुसरे एक दिल्लीत पालमच्या संग्रहालयात पाहता येते.