स्लिमसाहेबांची कबुली

फील्ड मार्शल विल्यम स्लिम तरुणपणी बर्मिंगहॅमच्या एका प्राथमिक शाळेत मास्तर होते, हे वाचल्यापासून मला ते आपल्यातलेच वाटतात! १९१४ साली ते फौजेत गेले, गॅलिपोलीत आणि मेसोपोटेमियात जखमी झाले, पुढे हिंदी सैन्याच्या गुरखा पलटणीत आले. पगार पुरत नसे, म्हणून टोपणनावाने कथाही लिहीत.

पण मला विशेष वाटते ती नोव्हेंबर १९४० ची हकीकत. सुदानच्या सरहद्दीवर त्यांच्या ब्रिगेडने इटालियनांकडून गल्लाबात घेतले, पण पलीकडचे मेतेम्मा हाती येईना. त्यांनी माघार घेतली. नंतर कळले, की तिकडे शत्रूही डळमळला होता. १९५९ च्या पुस्तकात त्यांनी सरळ कबूल केले, की धाडसाची वाट सोडून आपण आपल्याच भीतीचे ऐकले. मी जन्मभर मुलांच्या वह्यांवर तांबड्या रेघा मारल्या. स्वतःच्या चुकीवर मात्र कधी मारली नाही...

१९४२ मध्ये ब्रह्मदेशातून पुन्हा माघार आली. मात्र १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाला ते मागे हटले नाहीत. आपल्या मराठा पलटणीचे जवान त्या मार्चमध्ये सांगशाकला जपान्यांशी झुंजले, ते यांच्याच चौदाव्या आर्मीतून.