स्कूटरवरून विकलेली गाणी

लोणावळा लोकलमध्ये मळवली स्टेशन लागतं. कार्ला-भाजे लेणी बघणारे तिथे उतरतात, बाकीचे पेपरात डोकं घालून बसतात. याच मळवलीला १९७१ साली 'स्नेहयात्रा' नावाचा रॉक संगीताचा महोत्सव झाला होता, हे सांगितलं की लोकांना थाप वाटते. अमेरिकेतल्या वुडस्टॉकला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती!

आपल्याकडच्या त्या काळच्या बँडवाल्यांचे हात तयार होते, पण गाणी बहुतेक उसनी. बीटल्स किंवा स्टोन्स हुबेहूब वाजवले की टाळ्या पडायच्या. मग आपल्या गावाचं, आपल्या रडगाण्यांचं गाणं गिटारवर म्हणायचं कुणी?

ते म्हटलं शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने. मुंबईत आर्किटेक्चर शिकलेला हा माणूस. रेकॉर्ड कंपन्यांनी नकार दिल्यावर त्याने घरातच रेकॉर्डिंग केलं. गाणी त्याची, वाद्यं त्यानेच वाजवलेली, कव्हरही त्याचंच. १९८४ साली 'गोअन क्रेझी' ही कॅसेट निघाली आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी तोच ती पोचवत फिरला. त्यात 'ओड टू ग्रॅहम बेल' नावाचं गाणं आहे, गोव्यातल्या टेलिफोनच्या रडकथेवर. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावलेल्या पिढीला यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

गंमत बघा, त्याच सुमाराला जगात इतरत्रही हेच चाललं होतं. ग्लासगोत 'पोस्टकार्ड' या चिमुकल्या कंपनीने १९८० साली 'ऑरेंज ज्यूस'ची पहिली तबकडी काढली. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या 'गो-बिटवीन्स'चीही एक तबकडी त्याच वर्षी त्यांनीच काढली. पुढे १९८३ साली या गो-बिटवीन्सनी 'कॅटल अँड केन' हे गाणं केलं. विषय काय, तर बालपण आणि उसाची शेतं! वाचणारी, विचार करणारी मुलं, हलकी गिटार आणि नेमके शब्द. समीक्षक खूश, खप मात्र बेताचा.

आपण या बँडांची नावं विसरलो तर समजू शकतो. रेमो मात्र आपल्या शेजारचा. आपल्याला तो आठवतो 'जलवा'मुळे, नाहीतर १९९५ च्या 'हम्मा हम्मा'मुळे. त्याच्या सुरुवातीच्या कॅसेट्सना आपण 'इंग्रजी गाणी' म्हणून बाजूला ठेवलं. इंग्रजी म्हणजे क्लबवाल्यांची चैन, हा आपला जुना समज. तो अगदीच खोटा नव्हता, म्हणून तर ही गाणी महत्त्वाची. गिटार क्लबातून उतरून गावातल्या तक्रारींपर्यंत आली, ती इथे. बंद पडलेला फोन कुठल्याही भाषेत बंदच असतो.

आपल्या माणसाने आपल्या मातीबद्दल लिहिलं, तर ते आपलं म्हणायला भाषेचा दाखला कशाला मागायचा? निदान एकदा ऐका. शब्दांकडे लक्ष देऊन.