छेदगम : हर घालविण्याची जुनी रीत

पेण-रोह्याकडील खाड्या आपण पाहिल्या असतील. समजा, रोह्याहून एक होडी कुंडलिकेंतून ओहोटीबरोबर १२ मैल खालीं गेली व त्याच ओढीविरुद्ध परतली. एकूण ५ तास लागले. ओढ तासीं १ मैल धरली, तर होडीचा स्वतःचा वेग किती? येथें अव्यक्त संख्या छेदांत, म्हणजे हरांत, जाऊन बसते : एकदां एकानें अधिक, एकदां एकानें उणी.

शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमाराचे भास्कराचार्य आपल्या बीजगणितांत अव्यक्ताला ‘यावत्तावत्’ म्हणतात, आणि या अडचणीवरील उपायाला ‘छेदगम’. पक्ष समच्छेद करावे, मग छेद टाकून द्यावे. आमच्या होडीचीं उत्तरें दोन निघतात : ५ आणि उणे एक पंचमांश. दुसरें कोणता नावाडी मानील? भास्कराचार्यांनींही वानरांच्या उदाहरणांत ५० व ५ अशीं उत्तरें काढून ५ त्याज्य ठरविलें. कळपाच्या पंचमांशांतून ३ वजा करावयाचे. ५ चा पंचमांश १, आणि उणीं वानरें लोकांना पटत नाहींत. (आमचे विद्यार्थी मात्र दोन्ही उत्तरें खुशाल लिहून मोकळे होतात!)

होडीचा वेग ओढीइतकाच, म्हणजे १, धरला तर एक छेद शून्य होतो. अशा राशीला भास्कराचार्य ‘खहर’ म्हणून अनंत मानीत. आजचें गणित शून्यानें भागूंच देत नाहीं. वल्हेकऱ्याला दोहोंचा अर्थ एकच : होडी जागच्या जागीं, आणि रोह्याचा धक्का तितकाच दूर.