दोषारोपातील बदल आणि आरोपीची भाषा

फौजदारी खटल्यात न्यायालय आरोपीपुढे जो दोषारोप ठेवते, तो कायद्याचा लेख आहे तसाच भाषेचाही आहे. (पोलिसांचे आरोपपत्र निराळे व न्यायालयाने निश्चित केलेला दोषारोप निराळा, वृत्तपत्री मराठीत हा भेद बहुधा पुसला जातो.) खटला चालू असता हा लेखच बदलला, तर आरोपीने उत्तर तरी कशाला द्यावयाचे?

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोषारोपातील नाव वा वर्णन पुराव्याशी तंतोतंत न जुळल्यास आरोपी सुटू शकत असे. १८५१ च्या कायद्याने अशा चुका दुरुस्त करण्याचा व्यापक अधिकार तेथील न्यायाधीशांना मिळाला. आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने निकाल सांगण्यापूर्वी, आणि ज्युरीपुढील खटल्यात ज्युरीचे मत येण्यापूर्वी, दोषारोप बदलण्याची मुभा दिली. प्रत्येक बदल आरोपीस वाचून दाखवून समजावून द्यावा. त्यामुळे बचावास बाध येण्याचा संभव असल्यास खटला तहकूब करावा किंवा नव्याने चालवावा. तपासलेले साक्षीदार पुन्हा बोलावू द्यावेत, असे तिचे बंधन होते. ह्या तरतुदीत 'वाचणे' आणि 'समजावणे' अशी दोन क्रियापदे आहेत. पहिल्याची नोंद करणे सोपे आहे. दुसऱ्याचे तसे नाही.

लोकमान्य टिळकांचा १९०८ चा खटला ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. २४ जून रोजी त्यांना मुंबईत अटक झाली ती १२ मेच्या 'देशाचे दुर्दैव' ह्या लेखासाठी. ९ जूनच्या 'हे उपाय टिकाऊ नाहीत' ह्या लेखाचा आरोप ते तुरुंगात असताना मागाहून आला. १३ जुलैला न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली, तेव्हा दोन्ही प्रकरणे एकत्र करण्याची मागणी सरकारपक्षाने केली. टिळकांनी हरकत घेतली, परंतु ती मान्य झाली नाही. येथे दोषारोपातील शब्द बदलले नाहीत. बदलली ती त्यांची मांडणी. कलम १२४अ खाली दोन आणि १५३अ खाली एक, असे तीन आरोप एकाच ज्युरीपुढे गेले. ही तांत्रिक बाब नव्हती. १९०१ मध्ये मद्रासच्या सुब्रह्मण्य अय्यर खटल्यात दोन वर्षांत पसरलेली ४१ कृत्ये एकत्र गोवल्याबद्दल प्रिव्ही कौन्सिलने शिक्षाच रद्द केली होती. एका लेखाने झालेले ज्युरीचे मन दुसऱ्या लेखाकडे कोऱ्या नजरेने पाहील, असे मानणे मला अवघड वाटते.

शिवाय लेख मराठी, आणि खटला इंग्रजीत. इलाखा-शहरांत दोषारोप इंग्रजीतच लिहावा, असा १८९८ च्या संहितेचा दंडक होता. विशेष ज्युरी नेमल्यास तीत मराठी न जाणणाऱ्यांचा भरणा होईल, हा टिळकांच्या बाजूचा आक्षेप फेटाळला गेला. ज्युरीत सात युरोपीय व दोन पारशी बसले. टिळक स्वतः इंग्रजीचे जाणकार असल्यामुळेच भाषांतरकाराची उलटतपासणी करून एकेका प्रतिशब्दावर वाद घालू शकले. २२ जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

पुढे कायद्याचे तत्त्व अधिक स्पष्ट झाले. कांतिलाल चंदुलाल मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या १९६९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयासही दोषारोप बदलण्याचा अधिकार मान्य केला. मात्र आरोपीस अंधारात ठेवता कामा नये व उत्तर देण्याची पुरी संधी मिळाली पाहिजे, ही अट घातली. १९७३ च्या संहितेने दोषारोप न्यायालयाच्या भाषेत लिहिण्याचे ठरविले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तेच कायम आहे.

तथापि न्यायालयाची मराठी ही प्रत्येकाच्या घरची मराठी नव्हे. रायगड जिल्ह्यातील गडबचा आगरी बोलणारा एखादा मनुष्य आरोपी म्हणून उभा आहे, आणि मारामारीच्या खटल्यात 'समान उद्देशा'च्या जागी 'समान उद्दिष्ट' आले, असे समजू. कायद्याच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे: पहिल्यात त्याचा स्वतःचा सहभाग दाखवावा लागतो, दुसऱ्यात बेकायदा जमावातील त्याचे सभासदत्व पुरू शकते. ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र शब्द जवळजवळ एकच. रोजनाम्यात नोंद होते ती 'वाचून दाखविला व समजावून दिला' एवढीच. समजावणी कोणत्या शब्दांत झाली, हे तीवरून कळत नाही.